आगोटीची बेगमी आणि ‘क’ जीवनसत्त्व

मृगाच्या पहिल्या सरी येण्यापूर्वी तांदूळ पाखडून कणगीत भरावा, वाल आणि कुळीथ उन्हे दाखवून मडक्यांत बंद करावेत, सुकट-बोंबील, मीठ आणि मसाला यांची तजवीज करावी, सरपण पडवीत रचून ठेवावे आणि मग पावसाळ्याचे चार महिने बाहेरच्या जगावर फारसे अवलंबून न राहता निश्चिंत मनाने काढावेत, ही ठाणे-बेलापूर पट्टीतील आगरी-कोळी कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती, आणि तिलाच कोकणात आगोटीची बेगमी म्हणतात. १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या महामंडळाची स्थापना झाली आणि भातखाचरे व मिठागरे यांच्या जागी वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली, कोपरखैरणे असे एकामागून एक नोड उभे राहिले, तसतशी या रीतीची निकड ओसरत गेली. कारण मुंबईचा फळांचा आणि भाजीपाल्याचा घाऊक व्यापार १९९६ साली ज्या तुर्भ्याच्या आवारात येऊन स्थिरावला ते आवारच ज्या शहराच्या मध्यभागी आहे, त्या शहरातील गृहिणीने चार महिन्यांची तर राहोच, चार दिवसांची भाजीही साठवून ठेवण्याचे कारण उरले नाही.

परंतु निसर्गाने आपला क्रम बदललेला नाही. एका बाजूस पारसिकच्या डोंगररांगा आणि दुसऱ्या बाजूस ठाण्याची खाडी यांच्यामधील सखल भूमीवर हे शहर वसले असून, भरतीचे पाणी आत येऊ नये आणि पावसाचे पाणी ओहोटी होईपर्यंत कोठेतरी थोपून राहावे यासाठी सिडकोने जागोजाग धारण तलाव बांधले आहेत. तथापि मोठी भरती आणि मुसळधार वृष्टी एकाच वेळी आली म्हणजे या व्यवस्थेवर किती ताण पडतो, हे येथील रहिवासी जाणतात. २६ जुलै २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि खाडीच्या अलीकडचे व पलीकडचे दळणवळण तुटले. त्यानंतर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्याच वर्षीच्या १२ ऑक्टोबरला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई येथील वीजपुरवठा एकाएकी बंद पडला, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री, ज्या खालापूर तालुक्यात नवी मुंबईला पाणी पुरवणारे मोरबे धरण आहे त्याच तालुक्यात, इर्शाळवाडीवर दरड कोसळली. बाजारपेठ शेजारी असली म्हणजे बेगमीची गरज संपली, हा समजही त्या २०२० सालीच खोटा ठरला. साथीच्या प्रादुर्भावामुळे ११ ते १७ मे या आठवड्यात तुर्भ्याच्या बाजार समितीचे व्यवहार बंद ठेवावे लागले होते.

अशा अनुभवांतून शहाणी झालेली अनेक कुटुंबे आता दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस एक आपत्कालीन पिशवी सिद्ध करतात, आणि तीत विजेरी, मेणबत्त्या, नित्याची औषधे, दस्तऐवजांच्या प्रती, पाण्याच्या बाटल्या, चिवडा आणि बिस्किटे ठेवून झाल्यावर, शेवटी कोणीतरी हमखास विचारते की क जीवनसत्त्वाच्या गोळ्या ठेवायच्या की नाही. प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. त्याचे उत्तर ‘ठेवा’ किंवा ‘नको’ अशा एका शब्दात देता येत नाही, कारण ते दोन गोष्टींवर अवलंबून आहे: संकट किती दिवसांचे आहे, आणि ते आले त्या दिवशी घरातल्या माणसाच्या शरीरात या जीवनसत्त्वाचा साठा किती होता. या दोन्ही गोष्टींचे स्वरूप समजून घेण्यासाठी आपल्याच माणसांच्या इतिहासातील एका दुःखद प्रकरणाकडे वळले पाहिजे.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेवर जी सहावी पुणे डिव्हिजन पाठवण्यात आली होती, तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. सेनापती टाउनशेंड यांच्या अधिपत्याखालील हे सैन्य बगदादच्या वाटेवरून माघार घेऊन तैग्रिस नदीच्या वळणावरील कुत-अल-अमारा या गावात आश्रयास आले, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करीपर्यंत तुर्की फौजेच्या वेढ्यात अडकून पडले. रसद तुटली. ब्रिटिश सैनिकांच्या वाट्याला पांढऱ्या पिठाचा पाव आणि कापलेल्या घोड्यांचे ताजे मांस आले; हिंदी सैनिकांच्या वाट्याला आटा आणि जवाचे पीठ आले, आणि धर्मभावनेस्तव अश्वमांस वर्ज्य मानल्यामुळे, धर्मगुरूंच्या संमतीचे निरोप बिनतारी यंत्राने मागवले गेले तरीही, बहुतेकांनी वेढ्याच्या अखेरच्या दिवसांपर्यंत ते स्वीकारले नाही. परिणाम असा झाला की पांढरा पाव खाणाऱ्यांत बेरीबेरी उद्भवला, पण ताज्या मांसातील अल्पशा क जीवनसत्त्वाने त्यांचे स्कर्व्हीपासून रक्षण केले. उलट कोंड्यासह दळलेल्या धान्याने हिंदी सैनिकांना बेरीबेरीपासून वाचवले, पण त्यांच्या हिरड्या सुजून रक्त वाहू लागले, पायांवर काळेनिळे डाग उमटले, सांधे आखडले आणि जुन्या जखमा भरून येईनात. सातारा-रत्नागिरीकडच्या खेड्यांतून गेलेले, बंदुकीला न डरणारे ते तरुण एका अदृश्य पदार्थाच्या अभावाने खाटेला खिळले. आणि कुत पडल्यानंतरही १९१६ च्या उत्तरार्धात मेसोपोटेमियातील हजारो हिंदी सैनिकांना याच व्याधीने इस्पितळात आणले.

हा रोग कशाने बरा होतो हे त्या वेळी अज्ञात होते असे नाही. जेम्स लिंड या स्कॉटिश नौवैद्याने मे १७४७ मध्ये सॅल्सबरी नावाच्या युद्धनौकेवर बारा रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस निराळा उपचार दिला होता, आणि संत्री व लिंबे मिळालेली जोडीच झपाट्याने सुधारली होती. ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सक्तीचा करण्यास १७९५ साल उजाडावे लागले; आणि त्यातील कारक द्रव्य अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी १९२८ साली वेगळे काढून, पुढे तेच क जीवनसत्त्व असल्याचे सिद्ध होण्यास आणखी चार वर्षे लागली. ज्ञान असणे आणि ते शिध्याच्या यादीत उतरणे या दोहोंतील अंतराची किंमत कुतमध्ये सैनिकांनी मोजली, आणि म्हणून घरगुती पिशवीच्या यादीचा विचार करतानाही हे अंतर लक्षात ठेवणे मला अगत्याचे वाटते.

आता या प्रकरणाचे शास्त्र पाहू. गाय, बकरी, कुत्रा, उंदीर अशा बहुसंख्य सस्तन प्राण्यांचे शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करते. मनुष्य, माकडे, गिनीपिग आणि काही वटवाघळे यांनी मात्र त्यासाठी लागणारे एक विकर उत्क्रांतीच्या ओघात गमावले असल्यामुळे त्यांना ते अन्नातूनच मिळवावे लागते. सुपोषित प्रौढ माणसाच्या शरीरात त्याचा साठा सुमारे १५०० मिलिग्रॅम असतो, आणि आवक थांबली तर त्यातील सुमारे तीन टक्के दररोज खर्ची पडतो. हा साठा साधारण ३०० मिलिग्रॅमच्या खाली उतरला म्हणजे स्कर्व्हीची लक्षणे दिसू लागतात. हा खजिना किती दिवस पुरतो याची परीक्षा दोनदा मोठ्या धैर्याने घेतली गेली. १९३९ साली बोस्टनमधील तरुण शल्यविशारद जॉन क्रॅंडन यांनी स्वतःच क जीवनसत्त्वविरहित आहार घेण्यास प्रारंभ केला. सहा आठवड्यांत त्यांच्या रक्तद्रवातून ते नाहीसे झाले, तथापि तिसऱ्या महिन्यात मुद्दाम केलेली जखम सुरळीत भरून आली, आणि सहा महिन्यांनी केलेली दुसरी जखम मात्र, जीवनसत्त्व पुन्हा सुरू करीपर्यंत, भरून येईना. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ पासून, इंग्लंडातील शेफील्ड येथे हान्स क्रेब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस स्वयंसेवकांवर प्रयोग केले. शस्त्र धरण्यास विवेकबुद्धीने नकार देणाऱ्या त्या लोकांनी आपले शरीर विज्ञानाच्या स्वाधीन केले, आणि त्यांतून असे निष्पन्न झाले की दिवसाला केवळ १० मिलिग्रॅम एवढी मात्रा स्कर्व्ही टाळण्यास आणि झालेली बरी करण्यासही पुरेशी आहे.

या आकड्यांच्या आधारे आपल्या शहरापुरता हिशेब मांडला, तर तीन दिवसांच्या पुरात निरोगी माणसाच्या साठ्यातून जेमतेम सव्वाशे-दीडशे मिलिग्रॅम जातील, आणि पंधरा दिवस फळ-भाजीचे दर्शन झाले नाही तरी तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक जाऊन सुमारे साडेनऊशे मिलिग्रॅम शिल्लक राहतील. पाण्यावाचून मनुष्य तीन-चार दिवसांत दगावतो, जुलाबांनी लहान मूल एका दिवसात कोमेजते, मधुमेह्याचे इन्शुलिन चुकले तर प्रकृती त्वरित बिघडते. क जीवनसत्त्वाचा अभाव मात्र आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या मापाने काम करतो. अर्थात पिशवीतील अनुक्रमात माणशी दररोज तीन-चार लिटर पाणी, ते शुद्ध करण्याचे साधन, क्षारसंजीवनीची पाकिटे आणि नित्याची औषधे यांच्या पुढे या गोळीला कोणत्याही परिस्थितीत बसवता येणार नाही, आणि जागा किंवा पैसा यांची टंचाई असेल तर ती वगळल्याने कोणाचा प्राण जाणार नाही.

येथे थांबलो असतो तर उत्तर सोपे होते. परंतु वरील सारा हिशेब ‘सुपोषित’ या एका विशेषणावर उभा आहे, आणि आपल्या देशात ते विशेषण गृहीत धरता येत नाही. उत्तर भारतातील आणि दक्षिण भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींच्या रक्ताची तपासणी करून २०११ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात उत्तरेकडील सुमारे ७४ टक्के आणि दक्षिणेकडील सुमारे ४६ टक्के वृद्धांत क जीवनसत्त्वाची प्रत्यक्ष कमतरता आढळली, आणि वाढते वय व तंबाखूचे सेवन यांच्याशी तिचा संबंध दिसून आला. महाराष्ट्रातील गावे त्या पाहणीत नव्हती, म्हणून हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. पण सानपाड्याच्या किंवा नेरूळच्या एखाद्या सदनिकेत, मुले परदेशी असल्यामुळे एकट्या राहणाऱ्या, दात नसल्यामुळे पेरू-संत्र्याला हात न लावणाऱ्या आणि दोन्ही वेळचे भागवायचे म्हणून चहा-पोळी किंवा दूध-भात घेणाऱ्या आजी-आजोबांच्या देहातला खजिना पावसाळा सुरू होण्यापूर्वीच निम्मा रिता असणे असंभवनीय नाही. मिश्री लावणारी आई, विडी-सिगारेट ओढणारा भाऊ, बाजारबंदीच्या काळात वडापाव आणि चहावर दिवस काढणारा एमआयडीसीतील कामगार, मूत्रपिंडाच्या विकारामुळे डायलिसिसवर असलेला शेजारी, आणि केवळ उकळलेल्या गाई-म्हशीच्या दुधावर वाढवलेले तान्हे मूल (आईच्या दुधावरील मुलाला मात्र हे भय नाही), यांची गणनाही याच वर्गात करावी लागेल. या व्यक्तींसाठी पंधरवड्याची तूट ही आधीच्या तुटीत पडणारी भर असते. आणि जिथे काही लागते, खुपते, जखमा होतात, अशा पुराच्या दिवसांत ज्याच्या जखमा भरून यायच्या आहेत त्याला ही तूट परवडणारी नाही. पिशवी भरताना सर्वांसाठी एकच यादी न करता घरातील एकेका माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणावा, असे मी आग्रहाने सांगतो, ते एवढ्याच कारणास्तव.

मग गोळी हाच उपाय आहे काय? याचे उत्तर शोधताना पुन्हा मेसोपोटेमियाचाच धागा हाती लागतो, आणि तो थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोहोचतो. सैन्यातील स्कर्व्हीच्या बातम्यांनी चिंतित होऊन लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी महिला शास्त्रज्ञांनी महायुद्धाच्या काळात गिनीपिगांवर प्रयोग आरंभिले, आणि असे दाखवून दिले की ज्या कोरड्या कडधान्यात स्कर्व्हीनाशक गुण जवळपास नसतो, तेच कडधान्य भिजवून दोन-तीन दिवस मोड येऊ दिले तर त्यात तो गुण नव्याने उत्पन्न होतो. म्हणून ताजी भाजी जिथे पोहोचू शकत नाही तिथे मोड आलेली कडधान्ये सैनिकांना द्यावीत, अशी त्यांची शिफारस होती. चिक आणि डेल्फ यांचा यावरील निबंध १९१९ साली प्रसिद्ध झाला. ज्या मराठी सैनिकाच्या घरी मटकीची उसळ आणि श्रावणात वालाचे बिरडे नेमाने होत असे, तो तिकडे डाळीच्या शिध्यावर असताना याच व्याधीने पीडला जावा, आणि त्यावरचा इलाज म्हणून त्याच्याच आईची स्वयंपाकाची कृती लंडनच्या प्रयोगशाळेतून शास्त्रीय निष्कर्षाच्या रूपाने पुढे यावी, हे वाचताना मन हेलावल्याशिवाय राहत नाही.

म्हणून आपत्कालीन बेगमीत क जीवनसत्त्वाचा खरा साठा कोणता असे मला विचाराल, तर मी प्रथम मुगाच्या आणि मटकीच्या डब्याकडे बोट दाखवीन. कोरडे मूग हवाबंद डब्यात वर्षभर टिकतात, त्यांना वीज लागत नाही, शीतकपाट लागत नाही, आणि मोड आलेल्या १०० ग्रॅम कच्च्या मुगात सुमारे १३ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, म्हणजे शेफील्डच्या प्रयोगातील मात्रेहून अधिक. एक दक्षता मात्र अत्यावश्यक आहे. पुराच्या दिवसांत कडधान्य पिण्यायोग्य शुद्ध पाण्यातच भिजवावे, दिवसातून दोनदा तशाच पाण्याने धुवावे, आणि मोड कधीही कच्चे खाऊ नयेत, कारण ज्या उबेत आणि ओलाव्यात अंकुर फुटतो त्यातच रोगजंतूही फोफावतात; झाकण ठेवून वाफ आणावी, वाफ सर्वत्र पोहोचली म्हणजे उतरवावे, आणि शिजवण्याचे पाणी फेकू नये. कुकरच्या अनेक शिट्ट्या करून गाळ केलेल्या उसळीत उदरभरण होते, पण हे जीवनसत्त्व फारसे उरत नाही. उष्णता, हवा, तांब्याचे भांडे आणि खायचा सोडा हे चारही त्याचे शत्रू आहेत.

त्याच्या जोडीला बटाट्याची टोपली असावी. १०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात सतरा ते वीस मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, सालीसकट उकडला तर त्यातील मोठा अंश टिकतो, आणि १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडाले तेव्हा दुष्काळाबरोबर स्कर्व्हीही आली, यावरून एका सामान्य कंदाने केवढी जबाबदारी पेलली होती हे ध्यानात येते. चव मात्र फसवते. आंबट ते सारे क जीवनसत्त्वयुक्त, असा जो समज आहे तो निराधार आहे. चिंचेत ते नाममात्र असते, आणि आमसुलाची आंबट चव निराळ्याच आम्लाची आहे, त्यामुळे चिंचेची आणि आमसुलाची बरणी कितीही भरलेली असली तरी या बाबतीत तिचा भरवसा धरू नये. लिंबाचा बाटलीबंद रस महिनोन्‌महिने ठेवला तर त्याचा गुण क्षीण होत जातो. १८७५-७६ च्या ब्रिटिश उत्तरध्रुव मोहिमेत लिंबाच्या रसाचा पुरवठा असूनही स्कर्व्हीने थैमान घातले, त्यामागचे एक कारण हे होते की आरमाराने भूमध्य प्रदेशातील गुणवान लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधील हिणकस जातीचा, साठवलेला रस स्वीकारला होता.

आवळा या सर्वांत निराळा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात १०० ग्रॅम ताज्या आवळ्याचा आकडा ६०० मिलिग्रॅम दिलेला आहे, नव्या मोजणीत तो कमी भरतो, पण कोणताही आकडा घेतला तरी संत्र्याच्या कित्येक पट आहे. आणि १९४० च्या सुमारास पंजाबातील हिस्सार भागात पडलेल्या दुष्काळात स्कर्व्हीच्या रुग्णांवर आवळ्याचाच उपयोग यशस्वी ठरला होता. सावलीत वाळवलेली आवळकाठी आपले सत्त्व पुष्कळ अंशी राखून ठेवते. मोरावळ्यात शिजवण्याने बराच ऱ्हास होतो, तरी काही अंश उरतो. गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी करण्याचा जो प्रघात दक्षिण कोकणात आहे, तोही या दृष्टीने हितकारक आहे, आणि ज्या सोसायटीच्या आवारात शेवग्याचे एक झाड आहे तिच्याकडे पूर-पावसात न तुटणारी भाजीची रसद आहे, असे मी निःसंकोचपणे म्हणेन. पनवेलच्या बाजारात आदिवासी भगिनी जो टाकळा घेऊन बसतात, त्याचीही गणना यातच करावी.

गोळीचे स्थान यानंतरचे, पण ते आहे. ज्या घरात वर सांगितलेल्यांपैकी कोणी आहे, किंवा ज्या घरात मोड आणण्याइतके शुद्ध पाणी आणि इंधन उपलब्ध असण्याची खात्री नाही, त्या घराने ५०० मिलिग्रॅमच्या चघळण्याच्या गोळ्यांची एक पट्टी अवश्य ठेवावी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली प्रौढ पुरुषाची दैनिक शिफारस ८० आणि स्त्रीची ६५ मिलिग्रॅम अशी मुक्रर केली आहे. तेव्हा एका गोळीचे चार तुकडे करून चौघांनी वाटून घेतले तरी प्रत्येकास सव्वाशे मिलिग्रॅम पोहोचतात, आणि पंधरा गोळ्यांची पट्टी चार माणसांच्या कुटुंबाला पंधरा दिवस पुरते. याहून अधिक घेण्याने अधिक लाभ होतो असे नाही, कारण शरीर ठरावीक मर्यादेपलीकडचा भाग लघवीवाटे टाकून देते. दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या वर गेल्यास जुलाब होऊ शकतात, जे पुराच्या दिवसांत सर्वाधिक टाळावयास हवेत, आणि ज्यांना मूतखड्याची प्रवृत्ती आहे त्यांनी मोठ्या मात्रा घेऊच नयेत.

पुष्कळ लोक मात्र ही गोळी स्कर्व्हीच्या भीतीने ठेवत नाहीत. ते ती सर्दी, ताप आणि साथ यांच्या भीतीने ठेवतात. १९७० साली लायनस पॉलिंग या दोन नोबेल पारितोषिकांच्या मानकऱ्याने सर्दीवर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले, तेव्हापासून ही श्रद्धा जगभर रुजली. त्यानंतरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा असे सांगतो की नित्य सेवनाने सर्वसामान्य माणसाला सर्दी होण्याचे प्रमाण घटत नाही, फक्त तिची मुदत प्रौढांत सरासरी आठ टक्क्यांनी आणि मुलांत चौदा टक्क्यांनी कमी होते, आणि सर्दी झाल्यानंतर गोळी सुरू केली तर तेवढाही निश्चित लाभ दिसत नाही. कोविडच्या काळात अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे २१४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दररोज ८००० मिलिग्रॅम इतकी प्रचंड मात्रा देऊनही आजाराची मुदत लक्षणीयरीत्या घटली नाही. साठलेल्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसला, ज्याची साथ २००५ च्या महापुरानंतर मुंबईने भोगली, ही गोळी मुळीच अडवू शकत नाही. पुराच्या पाण्यातून चालल्यानंतर ताप आला तर पट्टी चघळत बसण्यात गेलेला प्रत्येक दिवस घातक ठरू शकतो, आणि तेव्हा वैद्यकीय सल्ला घेण्यास एक प्रहरही दवडू नये.

एक अखेरची गोष्ट राहिली, आणि ती ज्ञात नसल्यामुळे प्रत्यक्ष अपाय होऊ शकतो म्हणून ती विस्ताराने सांगतो. पुराच्या वेळी पाणी शुद्ध करण्यासाठी मेडिक्लोरचे थेंब किंवा क्लोरीनच्या गोळ्या वाटल्या जातात, आणि त्या पाण्याचा उग्र वास मुलांना सहन होत नाही म्हणून माता त्यात लगेच लिंबू पिळतात किंवा क जीवनसत्त्वाची गोळी विरघळवून त्याचे ‘सरबत’ करतात. क जीवनसत्त्व हे क्लोरीनचे नाशक आहे. एक भाग क्लोरीन निष्प्रभ करण्यास त्याचे सुमारे अडीच भाग पुरतात, म्हणजे लिटरमागे दोन मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या शंभर लिटर पाण्यातील सारे क्लोरीन ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी नष्ट करू शकते. जंतूंना मारण्यास क्लोरीनला अर्धा तास द्यावा लागतो. त्याआधीच ते नाहीसे झाले तर वास जातो, पाणी निर्मळ भासते, आणि जंतू जिवंत राहतात. म्हणून क्रम असा ठेवावा: गढूळ पाणी प्रथम तुरटीने निवळू द्यावे आणि फडक्यातून गाळून घ्यावे, मग क्लोरीन घालून झाकण ठेवून अर्धा तास घड्याळ लावून थांबावे, नंतर त्यातील जेवढे पाणी त्याच वेळी प्यायचे असेल तेवढेच पेल्यात काढून त्यात लिंबू पिळावे किंवा गोळी टाकावी, उरलेल्या साठ्यात मात्र काहीही मिसळू नये, कारण त्यातील शिल्लक क्लोरीनच पुढचा हात बुडेपर्यंत त्याचे रक्षण करीत असते.

पिशवी भरतानाच याची व्यवस्था करून ठेवणे इष्ट. क्लोरीनची बाटली पाण्याच्या भांड्यापाशी असावी, गोळ्यांची पट्टी औषधांच्या कप्प्यात असावी, आणि दोन्ही कधीही एका डब्यात ठेवू नयेत. पट्टी न फाडता, झाकण घट्ट बसणाऱ्या कोरड्या डब्यात, गॅसच्या शेगडीपासून आणि न्हाणीघरापासून दूर ठेवावी, कारण येथील पावसाळी हवेतील दमटपणाने उघडी गोळी पिवळसर-तपकिरी पडते आणि तिचा गुण ओसरतो. दर वर्षी मृगापूर्वी मूग-मटकीचा डबा नव्याने भराल, त्याच दिवशी पट्टीवरील मुदतीची तारीख पाहावी. मुदत संपत आली असेल तर नवी आणून ठेवावी, आणि घरातील वृद्धांना त्या आठवड्यात शक्यतो गोळीऐवजी एक पेरू बारीक चिरून द्यावा.